कूर्चापेशींची नुसती संख्या मोजू नका

महोदय,
गुडघ्यात रुग्णाच्याच कूर्चापेशी (सांध्यातल्या कूर्चेच्या, म्हणजे कार्टिलेजच्या पेशी) प्रयोगशाळेत वाढवून बसवतात, तेव्हा चर्चा होते ती पेशींच्या संख्येची. पण त्या कोणते प्रथिन तयार करतात, हे जास्त महत्त्वाचे. प्लास्टिकच्या बशीत पसरल्या की गोल पेशी लांबट होतात. टाइप २ कोलॅजन आणि अ‍ॅग्रेकन ही कूर्चेची खास प्रथिने घटतात, व्रणात आढळणारे टाइप १ कोलॅजन वाढते. विरळ पेरून पुनःपुन्हा नव्या बशीत वाढवल्या तर हे हमखास होते, आणि मग कूर्चेऐवजी व्रणासारखी तंतुमय ऊती मिळते. बऱ्याच अंशी हे परतवता येते. पेशी १.२ टक्के अल्जिनेटमध्ये (समुद्री शेवाळापासून मिळणारा, जेल बनणारा पदार्थ) मिसळून १०२ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइडमध्ये थेंब थेंब सोडाव्यात. सुमारे १० मिनिटांत थेंबांचे घट्ट मणी होतात, आत पेशी पुन्हा गोल होतात. अ‍ॅगरोज या तशाच जेलमध्ये बेन्या आणि शॅफर या संशोधकांनी हे १९८२ मध्येच दाखवले होते. रोपणापूर्वी टाइप २ व टाइप १ यांचे गुणोत्तर तपासणे सक्तीचे करावे.

– एक पेशीजीवशास्त्रज्ञ, पुणे