उड्डाणाआधीचे तास छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरी बांधलेल्या विमानाला मोटारीचे इंजिन जोडून कोणी ते उडवले, की त्याची बातमी हमखास ‘देशी जुगाड’ अशा मथळ्याखाली येते. सोबत एक धूसर छायाचित्र आणि बनवणाऱ्याच्या अपुऱ्या शिक्षणाबद्दल कौतुकाची एक ओळ असते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकचा व्यवसाय शिकवण्यात नोकरी सरलेल्या माझ्यासारख्या निदेशकाला त्या बातमीत जे वाचायचे असते ते मात्र नसते. इंजिन कोणते, ते किती आरपीएमवर (मिनिटाला किती फेऱ्यांनी) चालवले आणि चाके जमीन सोडण्याआधी ते जमिनीवर किती तास चालले, याचा त्यात पत्ताच नसतो.

याच विषयावरून एका वाचकाने एका संपादकाला पूर्वी निरुत्तर केले आहे, म्हणून धीर करून लिहितो. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात चेरी ग्रोव्ह नावाचे खेडे आहे. तिथल्या बर्नार्ड पीटनपोल या स्वतःच शिकलेल्या मेकॅनिकने लाकडी सांगाड्याचे, डोक्यावर एकच पंख असलेले, दोन माणसांचे विमान बांधले आणि 1929 मध्ये ते फोर्डच्या ‘मॉडेल ए’ मोटारीच्या इंजिनावर उडवले. मोटारीच्या इंजिनावर विमान उडवणे काही खरे नाही, असे मत तेव्हा ‘मॉडर्न मेकॅनिक्स अँड इन्व्हेन्शन्स’ या मासिकाच्या संपादकांनी मांडले होते. पीटनपोल यांनी त्यांना पत्र पाठवले आणि 1930 मध्ये आपल्या बनावटीची दोन विमाने मिनियापोलिसजवळच्या रॉबिन्सडेल इथल्या धावपट्टीवर नेऊन उतरवली. संपादकांचा मोठेपणा असा, की पुढे त्या विमानाचे आराखडेच त्यांनी छापले आणि ते पाहून आजही लोक ते विमान बांधतात.

हे इंजिन विमानाला का मानवले, हे आपल्या वाचकांना फियाटच्या उदाहरणाने चटकन कळेल. मुंबईच्या जुन्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतले, म्हणजे प्रीमियर पद्मिनीचे, इंजिन 1089 सीसीचे आणि साधारण 40 अश्वशक्तीचे. मॉडेल एचे इंजिनही 40 अश्वशक्तीचेच, पण जवळजवळ 3300 सीसीचे. त्यामुळे ती ताकद त्याला 2200 आरपीएमवर मिळते, तर फियाटच्या इंजिनाला त्यासाठी पाच हजारांच्या आसपास फिरावे लागते. आता विमानाचा सहा फुटी पंखा (प्रोपेलर) क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला, थेट जोडून 4800 आरपीएमने फिरवला, तर त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला 460 मीटर होतो, आणि ध्वनीचा वेग सुमारे 340 मीटर आहे. असा पंखा आवाज प्रचंड करतो आणि ओढत फारसे काही नाही. पीटनपोल यांना इंजिन सावकाश फिरवूनही मोठा पंखा थेट जोडता आला. हल्लीच्या लहान, वेगवान इंजिनांना मध्ये गिअर किंवा पट्टा घालून वेग कमी करावा लागतो, आणि त्या जोडणीत कंपने शिरली की दणकट दिसणारा शाफ्टही पिळवटून तुटतो.

दुसरी गोष्ट उष्णतेची. सपाट रस्त्यावर मोटार आपली निम्मी ताकदही वापरत नाही. तिचा कस लागतो तो कसाऱ्यासारख्या घाटात, आणि बॉनेट उघडून रस्त्याकडेला निवत उभ्या राहिलेल्या गाड्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. विमानाला उडताना पूर्ण आणि पुढे तासन्‌तास पाऊण ताकद लागते, म्हणजे त्याचा घाट संपतच नाही. आमच्या कार्यशाळेत एकदा एका इंजिनाला भार देऊन पूर्ण थ्रॉटलवर ठेवले होते, तर विसाव्या मिनिटाला कोपऱ्यातल्या अंधारात एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड (जळालेला वायू बाहेर नेणारा नळ) लालसर दिसू लागला आणि मुलांचा गलका आपोआप थांबला. पीटनपोल यांनी रेडिएटर थेट वैमानिकाच्या नजरेसमोर, नाकाच्या वर उभा केला होता. ध्यान दिसते खरे, पण पाणी थंड राहते.

जाणकार माणूस पहिल्या उड्डाणाआधी विमान खुंटीला बांधून इंजिन चालवतो आणि पंखा किती किलो ओढतो हे काट्यावर मोजतो. शेपटीचे चाक खड्ड्यात उतरवून नाक चढाच्या कोनात आणतो, कार्ब्युरेटरची नळी सोडून पेट्रोल मापाच्या डब्यात धरतो आणि घड्याळ लावतो. टाकी वर असून पेट्रोल नुसते उताराने येत असेल, तर पूर्ण ताकदीला लागते त्याच्या दीडपट तरी यावे, असा संकेत आहे. मग धावपट्टीवर आधी सावकाश, नंतर वेगाने नुसत्याच धावा. अमेरिकेत प्रमाणित इंजिन आणि पंखा यांची प्रमाणित जोडी असलेल्या घरगुती विमानाला प्रवासी न घेता साधारण 25 तास चाचणीची उड्डाणे करावी लागतात; मोटारीचे इंजिन असेल तर 40. या सगळ्याला ‘जुगाड’ म्हणणे म्हणजे वहीत आकडे मांडत बसलेल्या माणसाच्या हातातली वही काढून घेण्यासारखे आहे.

आपल्याकडे हौस कमी नाही. कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या अमोल यादव यांचे विमान 2016 च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिले, आणि त्याची नोंदणी झाली 2017 मध्ये. दुसरीकडे, 2021 मध्ये विदर्भातल्या एका गावात मोटारीचे इंजिन लावून घरी हेलिकॉप्टर बनवणारा एक तरुण कारागीर जमिनीवरच्या चाचणीतच पाते तुटून गेला. त्याला सुरक्षित अंतर, पात्यांची तपासणी आणि शेजारी उभा राहणारा एखादा अनुभवी माणूस मिळायला हवा होता. आपण मात्र बहुतेकांनी त्याचे नाव तो गेल्यावरच ऐकले, आणि त्याही बातम्यांत कौतुकाची विशेषणे होतीच.

माझी विनंती एवढीच, की पुढच्या वेळी अशी बातमी आली, तर वार्ताहराने त्या माणसाची चाचण्यांची वही मागून पाहावी आणि दोन आकडे छापावेत: इंजिन जमिनीवर किती तास चालवले, आणि खुंटीला बांधलेल्या विमानाची ओढ काट्यावर किती भरली. वहीच नसेल, तर तेही छापावे.

आपला नम्र,
एक निवृत्त शिल्प निदेशक