सरसकट जाड ऑइलचा सल्ला देऊ नका

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात उन्हाळ्यात गाडीची काळजी कशी घ्यायची याची चौकट आली होती, त्यात विदर्भातल्या गर्मीत जाड इंजिन ऑइल वापरा असं सरसकट लिहिलं होतं. राहवलं नाही म्हणून लिहितोय, कारण याच सल्ल्यावर माझी गाडी वर्षभर चुकीच्या ऑइलवर चालली.

माझी पेट्रोल कार आहे, गाडीच्या पुस्तकात ऑइलचा ग्रेड (जाडीचा आकडा) ५डब्ल्यू-३० लिहिलंय. गॅरेजवाला म्हणाला, "भाऊ, ४६ डिग्रीत हे पाण्यासारखं ऑइल टिकते काय? २०डब्ल्यू-५० टाकू." मलाही पटलं. उन्हाळ्यात काहीच जाणवलं नाही. डिसेंबरात पहाटे दवाखान्यासाठी नागपूरला निघालो, बाहेर ९-१० डिग्री असेल, सेल्फ मारला तर इंजिन जड फिरलं अन् सुरू झाल्यावर इंजिनातल्या टायमिंग चेनचा खडखड आवाज, ऑइल वर पोचेपर्यंत. असं रोज सकाळी, आणि अ‍ॅव्हरेज पण उतरलं.

मग दुसऱ्या एका जुन्या मिस्त्रीने नीट समजावलं. बाहेर ४६ असो की २५, थर्मोस्टॅट आणि पंखा मिळून कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) ९० डिग्रीच्या आसपासच ठेवतात, म्हणून इंजिनातल्या ऑइलला बाहेरच्या उन्हाने आपण समजतो तेवढा फरक पडत नाही. शेवटचा आकडा, ३० किंवा ५०, हा १०० डिग्रीला ऑइल किती जाड राहतं त्याचा आहे, म्हणजे गर्मीचा हिशोब कंपनीने आधीच करून ठेवलेला असतो. डब्ल्यू म्हणजे विंटर, तो आकडा थंड इंजिनाचा. आपल्याकडं बर्फ पडत नाही म्हणून तो सोडून द्यायचा असं नाही, कारण ४० डिग्रीला सुद्धा २०डब्ल्यू-५० हे ५डब्ल्यू-३० च्या साधारण अडीच पट जाड असतं. नवीन इंजिनात ऑइलच्या वाटा बारीक, चेन ताणून धरणारा टेन्शनर बहुतेक ऑइलच्या प्रेशरवरच चालतो, तिथं जाड ऑइल उशिरा पोचतं आणि झीज त्याच वेळात होते.

गावात अजून एक चालतं, ट्रॅक्टरसाठी आणलेला डबा उघडा आहे ना मग तोच कारमध्ये ओता. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या बीएस-६ डिझेल गाडीत (२०२० नंतरच्या) हे करूच नका, तिला कमी राखेचं ऑइल लागतं नाहीतर फिल्टर चोक होतो आणि तो फिल्टर लय महाग आहे. उलट कारचं उरलेलं पातळ ऑइल मोटरसायकलमध्ये टाकलं तर क्लच स्लिप होऊ शकतो, कारण तिचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो.

जाड ऑइल कधीच नको असं माझं म्हणणं नाही. काही गाड्यांच्या पुस्तकात तापमानानुसार दोन-तीन ग्रेड दिलेले असतात, गाडी जुनी होऊन ऑइल खात असेल तर त्यातलाच जाड घ्यावा. पण आधी पुस्तक पाहा, नसेल तर ऑइल टाकायच्या झाकणावर पाहा, बऱ्याच गाड्यांवर ग्रेड तिथंच कोरलेला असतो.

आमच्या तालुक्यात दुकानात २०डब्ल्यू-४० नाहीतर १५डब्ल्यू-४० एवढंच मिळतं, ०डब्ल्यू-२० मागितलं तर दुकानदार तोंडाकडं पाहतो. गाड्या विकणाऱ्यांनी निदान तालुक्याला हे डबे ठेवावे आणि गाडीसोबतचं पुस्तक मराठीत द्यावं, हे तुम्ही छापाच, अन् त्या चौकटीची दुरुस्ती पण छापा.

आपला नियमित वाचक,
जि. यवतमाळ