सुध्या, गाडी भंगारात द्यायची नाही

नोव्हाय, मिशिगन
मार्चअखेर, रविवार

प्रिय सुध्या,

उत्तराला उशीर झाला. तुझे दोन्ही निरोप मिळाले होते, पण हे फोनवर सांगून भागलं नसतं. तू मध्येच बोलायला लागतोस आणि मुद्दा राहून जातो. आमचं बरं चाललंय. वृंदाचा गुडघा आता ठीक, माझी साखर ताब्यात. नानांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं हे वाचून बरं वाटलं.

आता आपल्या होंडा ओडिसी गाडीचं. तू लिहिलंस, "2008 ची गाडी, वळवताना रडते, तिच्यात पैसे घालू नकोस. भंगारात दे. ओंकारला आल्यावर काहीतरी लहान घेऊन देऊ." नाही द्यायची. ॲन आर्बरला पोराला बर्फात चालवायला ती वजनदार, पुढच्या चाकांवर ओढणारी गाडीच बरी. आणि ती कशाने रडते हे मला आता नक्की कळलंय. तुलाच लिहितोय, कारण त्या गाडीचा प्रत्येक आवाज माझ्याशिवाय फक्त तुला ओळखू येतो.

थंडीत सकाळी सुरू केली की घुंऽऽ असा सूर. एक्सिलरेटर दिला की सूर चढतो, स्टेअरिंग फिरवलं की आणखी मोठा होतो, दहा-पंधरा मिनिटांनी कमी होतो. इथल्या दोन गॅरेजांनी ऐकल्या ऐकल्या सांगितलं: पॉवर स्टेअरिंगचा, म्हणजे तेलाच्या दाबाने स्टेअरिंग हलकं करणारा, पंप गेला. एकाने वर रॅकही (स्टेअरिंगचं वळण चाकांपर्यंत नेणारा दांडा) लिहून दिला. राग याचा आला, की स्टेअरिंगच्या तेलाच्या डब्याचं झाकण कुणी उघडूनसुद्धा पाहिलं नव्हतं. मी टॉर्च मारून पाहिलं. तेलावर फेस, आणि फेसाखालचं तेल पारदर्शक न राहता दुधट. तिथेच अर्धं निदान झालं. पंप रडत होता हे खरं, पण तो हवा गिळत होता म्हणून.

तुझं-माझं जुनं भांडण आठव. तू म्हणायचास, "हवा जात असेल तर तेल गळलं पाहिजे. खाली थेंब नाही, म्हणजे पाइप ठीक." इथेच चकवा आहे. डब्यातून पंपाकडे येणाऱ्या बाजूला दाब नसतो, ओढ असते. शहाळ्यातल्या नळीला वर चीर असली की पाण्याबरोबर हवा तोंडात येते, पण बाहेर थेंब पडत नाही. तसंच हे. पंपाच्या तोंडावर डब्याकडून येणारी नळी जिथे बसते तिथे एक रबरी ओ-रिंग आहे. वर्षानुवर्षं तापून-गार होऊन ती कडक होते, गोल काप चपटा होतो, आणि कडेने हवा आत जाते. पुढे पंपात दाब चढला की ते बुडबुडे चिरडून फुटतात. तो सूर त्याचा. असं महिनोनमहिने चाललं तर पंपाच्या पात्या आणि त्यांची कड खरंच झिजते, आणि मग गॅरेजवाल्याचं म्हणणं खरं होऊन बसतं. म्हणून हे काम पुढे ढकलायचं नसतं.

"गरम झाली की आवाज जातो, म्हणजे काही विशेष नाही" हे तुझं दुसरं पालुपद. गरम झाल्यावर दोष जात नाही, तेल पातळ होतं. गार तेल घट्ट, पंपाला ते ओढायला जोर लागतो, ओढ वाढली की फटीतून हवा जास्त येते. मिशिगनच्या जानेवारीत म्हणूनच ती सगळ्यात जास्त ओरडते. पुण्यात याच गाडीला तू हा आवाज कदाचित ऐकलाही नसतास. (तुझ्या आत्ताच्या गाडीत यातलं काहीच लागू नाही. तिथे स्टेअरिंगला तेल नाही, इलेक्ट्रिक मोटर आहे. तिचा आवाज आला तर हे पत्र काढून बसू नकोस.)

पंपावर आळ घेण्याआधी बाकीच्यांना सोडवून घ्यावं लागतं. सूर इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चढतो की गाडीच्या वेगाबरोबर? वेगाबरोबर असेल तर चाकाचं बेअरिंग बघ, स्टेअरिंगचा संबंध नाही. खड्ड्यात किंवा वळताना टक्-टक् होत असेल तर चाकाजवळचे सांधे बघ: स्टॅबिलायझर लिंक, टाय रॉड एंड किंवा स्ट्रटचं वरचं माउंट. स्टेअरिंग पूर्ण वळवून टोकाला नेल्यावर सुस्स आवाज येतो तो दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा, तो दोष नाही. फक्त टोकाला पाच सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवायचं नाही, तेल भराभर तापतं. कर्कश किंचाळणं असेल तर इंजिनाबाहेरचा, पंप आणि अल्टरनेटर फिरवणारा पट्टा. आणि अल्टरनेटरचं (बॅटरी चार्ज करतो तो) किंवा पट्टा ताणणाऱ्या पुलीचं बेअरिंगही अगदी असंच घुं करतं. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक एकेकाच्या अंगाला टेकवून मूठ कानाशी धरली की कोण बोलतंय ते कळतं. बाही आणि हात पट्ट्यापासून लांब. खात्रीच करायची तर पट्टा काढून इंजिन अर्धा मिनिट चालवायचं. या इंजिनात पाण्याचा पंप या पट्ट्यावर नाही, आतल्या टायमिंग बेल्टवर चालतो, त्यामुळे तेवढ्याने काही बिघडत नाही. बॅटरीचा दिवा लागेल, लागू दे. आवाज गेला तर तो पट्ट्यावरच्या कुणाचा तरी आहे.

आणि हवा तिथूनच येते का? इंजिन चालू ठेवून त्या सांध्यावर त्याच तेलाचे थोडे थेंब सोडायचे. क्षणभर सूर बदलला किंवा बंद पडला तर चोर सापडला. आपल्या गाडीचा बदलला. तरी नळीच्या दोन्ही टोकांच्या क्लिपा दाबून बघाव्यात, रबर टोकाला चिरलेलं असलं तरी तेच लक्षण दिसतं.

दुरुस्ती अशी, ओंकारला वाचून दाखव. इंजिन गार हवं. डब्यातलं तेल मोठ्या सिरिंजने उपसायचं. पंपाखाली फडकं कोंबायचं, म्हणजे पट्ट्यावर आणि अल्टरनेटरवर तेल जाणार नाही. मग सांध्याभोवतीची धूळ ब्रेक क्लीनर मारून पुसायची, कारण उघडल्यावर वाळूचा एक कण आत गेला तरी पंपाला पुरे. नळीचा तोंडाचा तुकडा दोन बोल्टवर आहे, 10 नंबरचा पाना. बोल्ट सोडले की तुकडा हाताने हलवत बाहेर येतो. जुनी रिंग टोकदार लोखंडी वस्तूने उकरायची नाही, खाचेला चरा पडला तर नवी रिंगही हवा घेईल. प्लॅस्टिकची काडी वापरायची. नवी रिंग त्याच स्टेअरिंगच्या तेलात बुडवून बसवायची, ग्रीस नाही. बोल्ट साधारण 11 न्यूटन-मीटर, म्हणजे मनगटाचा जोर, खांद्याचा नाही. पंपाचा तो भाग ॲल्युमिनियमचा आहे, आटे सहज जातात.

पंपावर दोन रिंगा आहेत, तेल आत येण्याची आणि बाहेर जाण्याची. एक 13.0 × 1.9 मिलिमीटर, दुसरी 14.4 × 1.9. दोन्ही एकदम घ्यायच्या, किंमत काही डॉलर. हार्डवेअरच्या दुकानातली नळाची रिंग मापाला बसते, पण तिचं रबर या तेलासाठी आणि या उष्णतेसाठी नसतं.

तेलाचं आता ऐक, कारण यावर आपण टोलेडोच्या पेट्रोल पंपावर भांडलो होतो. तू "सगळ्या गाड्यांना चालतं" असं लिहिलेली बाटली हातात धरून उभा होतास. या गाडीला होंडाचंच स्टेअरिंगचं तेल घालायचं. गिअरचं लाल तेल, एटीएफ, घातलं तर झीज वाढते आणि थंडीत स्टेअरिंग जड होतं. ब्रेक ऑइल तर चुकूनही नाही, त्याने आतली सगळी रबरं फुगून संपतात, आणि तेव्हा मात्र पंप, रॅक, पाइप सगळंच बदलावं लागेल. रंगाने ओळखता येतं: याचं तेल फिकट पिवळसर, लाल दिसलं तर कुणीतरी उद्योग केलाय.

आता हवा काढणं. इथे लोक घाई करतात आणि मग "रिंग बदलूनही आवाज आहे" म्हणून पंप घेऊन येतात. पुढची चाकं जॅकने उचलून गाडी स्टँडवर ठेवायची, नुसत्या जॅकवर नाही. डबा वरच्या खुणेपर्यंत भरायचा. इंजिन बंद ठेवूनच स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवत राहायचं, मध्ये मध्ये पातळी बघून तेल घालायचं. बुडबुडे थांबले की गाडी खाली घेऊन इंजिन सुरू करायचं, एक्सिलरेटर न देता पुन्हा हळू फिरवायचं. फेस दिसला तर इंजिन बंद, आणि रात्रभर ठेवून द्यायची. तेलात विरलेली बारीक हवा वर यायला वेळ घेतेच, तिथे जोर करून उपयोग नाही. सकाळी पुन्हा तेच. दुसऱ्या खेपेनंतरही फेस येत असेल तर हवा अजून कुठूनतरी शिरतेय, तेव्हा परत नळीकडे.

रिंग काढली ती नखाने दाबून पाहिली, दबत नव्हती. आता फेस नाही, तेल स्वच्छ, सकाळचा सूर जवळपास गेला. जवळपास म्हणतोय, कारण अगदी गार असताना किंचित कण्हते. माझा संशय डब्यावर. त्याच्या तळाशी बारीक जाळी आहे, ती गाळाने भरली की पंपाला पुरेसं तेल मिळत नाही आणि तो उपाशी ओरडतो. जाळी वेगळी निघत नाही, डबाच बदलायचा. मागवलाय. त्याबरोबर जुनं तेलही काढेन: परतीची नळी डब्यावरून सोडून बाटलीत, इंजिन सुरू करून स्टेअरिंग टोकापासून टोकापर्यंत, तेल येणं थांबलं की त्या क्षणी इंजिन बंद. होंडाच्या 12 औंसांच्या तीन बाटल्या आणून ठेवल्यात. जुन्या तेलात चमचमणारी धातूची पूड निघाली तर मात्र मी स्वतःच म्हणेन की पंप गेला. पुलीमागच्या सीलमधून ओल नाही, पुली हलवून पाहिली तर खेळ नाही, म्हणून मला आशा आहे. रॅकच्या टोकांवरची घड्यांची रबरी टोपी, बेलो, हीही दोन्ही बाजूंनी कोरडी, रॅक बदलायचं काही कारण नाही.

मला खरी झोप लागू देत नाही ती दाबाची नळी. इथल्या रस्त्यांवरच्या मिठाने तिचा लोखंडी भाग गंजलाय. ती फुटली तर स्टेअरिंग हातातून जात नाही, चाकांशी जोडलेलंच राहतं, फक्त एकदम जड होतं. पण तेल तापलेल्या एक्झॉस्टवर उडालं तर आग लागू शकते. 2012 मध्ये होंडाने 2003 ते 2007 च्या व्ही-6 इंजिनाच्या अकॉर्ड गाड्या परत बोलावल्या त्या अशाच गळणाऱ्या नळीपायी. आपल्या गाडीत अजून गळती नाही, पण पोर एकटं रात्री आय-94 हायवेवर असणार. ही नळी मी ऑगस्टच्या आत नवी घालणार. यावर वाद घालू नकोस, आणि पैसे पाठवायचं तर नावच काढू नकोस.

मेघनाच्या शाळेचं काय झालं, मुख्याध्यापिका होणार की नाही? तुझं गच्चीचं काम पावसाआधी उरक. काकूंना नमस्कार.

एक काम तातडीने कर. इथून निघायच्या आधी तू टायमिंग बेल्ट बदललास म्हणत होतास. पाण्याचा पंप आणि टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा) त्याच वेळी बदलले का, आणि किती मैलांवर? ती पावती निळ्या फाइलमध्ये असेल. या इंजिनात बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, मग गाडी खरंच भंगारात. पावती सापडली तर फोटो पाठव. नाही सापडली तर तसं स्पष्ट लिही, अंदाजाने सांगू नकोस. मी डब्याबरोबर बेल्टचा सेटही मागवतो.

तुझा,
नंदू