जूनमध्ये येईन, पण कायमची नाही

तीर्थरूप आई आणि बाबा,

साष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगायचे मी दोन रविवार ठरवत होते, पण आईचा आवाज जरासा उतरला की माझे पुढचे शब्द घशातच राहतात, म्हणून पत्र लिहीत आहे. मी जूनमध्ये कायमची परत येणार नाही. विद्यापीठाने मला मुलींच्या टेनिस संघाची साहाय्यक प्रशिक्षक म्हणून आणखी दोन वर्षे थांबण्याविषयी विचारले आणि मागच्या सोमवारी मी करारावर सही केली. आधी तुम्हाला विचारायला हवे होते, हे मला कळते. विचारले असते, तर बाबा म्हणाले असते, ‘तुझे तू ठरव’, आणि आई काहीच बोलली नसती. ते न बोलणे ऐकून मी नकार कळवला असता आणि मग वर्षभर तुमच्यासमोर बसून त्याच नकाराचा विचार करत राहिले असते.

तीन वर्षांपूर्वी मी इथे रुजू झाले, तेव्हा पहिल्या हंगामात आम्ही जिंकलेल्या लढती एका हाताच्या बोटांवर मोजता येत होत्या. यंदा मे महिन्यात होणाऱ्या राष्ट्रीय स्पर्धेच्या 64 संघांत आम्ही पहिल्यांदाच आहोत. हे कसे घडले ते मला नीट सांगायचे आहे, कारण माझ्या थांबण्याचे कारण त्यातच आहे.

बाबा, तुम्ही टीव्हीवर पाहता ते टेनिस एकट्या खेळाडूचे असते. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन टेनिसमध्ये लढत संघाची असते आणि एकूण गुण सात. सुरुवातीला दुहेरीचे तीन सामने एकाच वेळी चालतात, प्रत्येक सहा गेमच्या एकाच सेटचा. त्यांतले दोन जिंकणाऱ्या संघाला मिळून एकच गुण मिळतो. मग सहा कोर्टांवर एकेरीचे सहा सामने सुरू होतात, प्रत्येकाचा एक गुण, आणि ज्याचे चार आधी होतील तो संघ जिंकला. दुहेरीचा एकच गुण म्हणून सुरुवातीला आमच्या मुली तिकडे लक्ष देत नसत. मुख्य प्रशिक्षकांनी मात्र आठवड्यातल्या सरावाचे निम्मे तास दुहेरीला देण्याचे ठरवले, आणि ते काम माझ्याकडे आले. नियमाप्रमाणे हंगामात खेळाडूंचा सराव आठवड्याला वीस तासांच्या वर घेता येत नाही आणि एक दिवस पूर्ण सुटी द्यावी लागते. तेव्हा ते तास कुठून काढायचे, यावर आमचे बरेच वादही झाले. पण पहिला गुण खिशात घालून एकेरीला उतरणारी मुलगी वेगळी चालते, हे मी आता डोळ्यांनी पाहिले आहे. तिला सहापैकी तीनच सामने पुरणार असतात, चार नाहीत.

मार्चमधली एक लढत तुम्हाला दाखवता आली असती, तर हे पत्र लिहावेच लागले नसते. तीन-तीन अशी बरोबरी झाली होती आणि फक्त सहाव्या कोर्टावरचा सामना बाकी होता. बाकीच्या पाचही मुली कुंपणाला टेकून बसल्या होत्या. तिसऱ्या सेटमध्ये आमची मुलगी पाच-चार अशी पुढे होती, सर्व्हिस समोरच्या मुलीची होती आणि गेम ड्यूसला, म्हणजे चाळीस-चाळीसच्या बरोबरीला, आला. इथे ड्यूसनंतर ‘ॲडव्हान्टेज’ नसतो, पुढच्या एकाच गुणावर गेमचा निकाल लागतो आणि सर्व्हिस कोणत्या बाजूने घ्यायची हे ती परतवणारी खेळाडू ठरवते. प्रशिक्षकाला दोन गुणांच्या मध्ये बोलण्याची मुभा असते, म्हणून तिने माझ्याकडे पाहिले. तिच्या रॅकेटच्या मुठीवरची पट्टी सुटून लोंबत होती आणि ती अंगठ्याने ती पुन्हा पुन्हा दाबत होती. मी बाजू सुचवली नाही. ‘पाय आधी, हात नंतर’ एवढेच म्हणाले, अर्थात तिच्या भाषेत. बाबा, हे वाक्य कोणाचे आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. ती डावीकडे गेली, दोन पावले आत सरकली आणि बॅकहँडने चेंडू सरळ रेषेवर टाकला. त्यानंतर काय झाले ते मला नीट दिसले नाही, कारण डोळे भरून आले होते.

सोमदेव देववर्मनचे सामने तुम्ही रात्र रात्र जागून पाहायचात. तो व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळत असताना 2007 आणि 2008 अशी लागोपाठ दोन वर्षे एकेरीचा राष्ट्रीय विजेता झाला. पण त्याच विद्यापीठाच्या संघाला पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळाले ते 2013 मध्ये, आणि मग 2015, 2016, 2017 अशी सलग तीन. एक असामान्य खेळाडू असूनही संघ उभा राहायला इतकी वर्षे लागतात. आम्ही तर आत्ता कुठे पहिल्या पायरीवर आहोत. यंदा आमच्या आठपैकी तीन मुली पदवी घेऊन जातील, त्यांच्या जागी नव्या येतील, आणि दुहेरीच्या जोड्या पुन्हा पहिल्यापासून बसवाव्या लागतील. या वेळी मी निघून गेले, तर तीन वर्षांत अंगवळणी पडलेले सगळे एका हंगामात विस्कटेल, असे मला मनापासून वाटते. मी नसले तरी संघ चालेल, आई, हे मी जाणते. पण तो कसा चालतो ते मला जवळून पाहायचे आहे.

माझी काळजी करू नका. खोली कोर्टांपासून चालत दहा मिनिटांवर आहे, थंडीत सराव बंदिस्त कोर्टांवर होतो, जेवण वेळेवर होते आणि खांद्याचे दुखणे गेल्या वर्षीपासून पुन्हा उलटलेले नाही. आईने शिवलेली ती हिरवी पिशवी अजून माझ्याजवळ आहे. तिचा बंद दोनदा तुटला आणि दोन्ही वेळा मी तो तुझ्यासारखाच दुहेरी टाक्याने शिवला. रात्री दिवे बंद करून एकटीच चेंडू गोळा करताना मला ती मागची भिंत आठवते, आणि तिच्यावर मारलेले शंभर फटके मोजून झाल्याशिवाय घरात न नेणारे बाबा, आणि नव्वदपासून पुढचे आकडे मुद्दाम भरभर मोजणारी आई. त्यानंतर बाबांच्या खांद्यावर मला जी झोप लागायची, तशी झोप पुढे कधी लागली नाही.

आता काही गोष्टी मी सांगते आणि त्या तुम्ही ऐकायच्या आहेत. आई, रक्तदाबाची गोळी अर्धी मोडून घेणे आजपासून बंद. मामीने मला सगळे सांगितले आहे आणि तिच्यावर रागावायचे नाही. न्हाणीघरात आधाराची दांडी याच आठवड्यात बसवून घ्या, माझ्या येण्याची वाट पाहू नका. बाबांनी गच्चीवर जाणे पूर्ण थांबवायचे, झाडांना पाणी घालायला कोणालातरी सांगायचे. आणि गुडघ्याची शस्त्रक्रिया तुम्ही तीन वेळा पुढे ढकलली आहे, ती आता ढकलायची नाही.

हंगाम मेअखेरीस संपतो आणि पुढचा ऑगस्टच्या शेवटी सुरू होतो. मधल्या काळातले सात आठवडे मी मागून घेतले आहेत आणि करारात तसे लिहूनही घेतले आहे. ते सगळे दिवस मी तुमच्याजवळ असेन. पुढच्या वर्षीही तसेच. मी दिलेला शब्द पुरता पाळला नाही, हे मला बोचते आहे. त्याबद्दल आईला रागवायचे असेल, तर रविवारी फोनवर हवे तेवढे रागवावे, मी मध्ये बोलणार नाही.

शस्त्रक्रिया मी तिथे असतानाच व्हायला हवी. म्हणून बाबा, तुम्ही उद्याच डॉक्टरांना भेटून जूनमधली तारीख पक्की करा आणि मला कळवा. तिकीट मी त्या तारखेच्या चार दिवस आधीचे काढणार आहे.

तुमची,
छकुली