आरिफ खानच्या ४५व्या नंबराबद्दल

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्याकडे एका वाचकाचं पत्र आलं होतं की ज्या खेळात आपल्याला मेडल मिळणारच नाही त्या बर्फावरच्या खेळांवर सरकारनं पैसे कशाला घालवायचे, २०२२ च्या बीजिंग विंटर ऑलिंपिकला आपला एक माणूस गेला आणि ४५वा आला. वाचून वाईट वाटलं, खरं सांगायचं तर राग पण आला.

तो माणूस म्हणजे आरिफ खान, काश्मीरचा, गुलमर्गजवळचा. वडिलांचं तिथं स्कीच्या सामानाचं दुकान, पोरगं चार वर्षांचं असल्यापासून स्कीवर उभं. २०११ च्या साउथ एशियन विंटर गेम्समध्ये स्लालम (उतारावर रोवलेल्या काठ्यांच्या, म्हणजे गेटच्या, मधून नागमोडी स्की करत खाली यायची रेस) आणि जायंट स्लालम (तीच रेस, पण गेट लांब लांब) दोन्हीत गोल्ड. मग २०१८ च्या प्योंगचांग ऑलिंपिकची वेळ आली, पण क्वालिफाय व्हायचं तर देशोदेशी रेस करत फिरावं लागतं आणि तेवढे पैसेच जमले नाहीत, ते ऑलिंपिक हुकलं. इथं बहुतेक जण सोडून देतात. ह्यानं परत चार वर्षं तेच केलं, लग्न ठरलं होतं ते पण पुढं ढकललं.

आपल्या बडोद्याचे कितीतरी लोक दुबईला जातात, मॉल ऑफ द एमिरेट्समध्ये काचेपलीकडचा कृत्रिम बर्फाचा उतार बघतात, फोटो काढतात. त्याच मॉलमधल्या बर्फावर २०२१ च्या नोव्हेंबरात आरिफनं स्लालमचं तिकीट मिळवलं आणि पुढच्या महिन्यात माँटेनिग्रोला जाऊन जायंट स्लालमचं. एकाच विंटर ऑलिंपिकमध्ये दोन इव्हेंटसाठी थेट जागा मिळवलेला तो पहिला भारतीय, आणि बीजिंगला आपल्या देशाचा एकटा खेळाडू, झेंडा पण त्याच्याच हातात.

आता त्या ४५ बद्दल. जायंट स्लालममध्ये एकाच दिवशी दोन रन असतात, दोन्हींचा टाइम मिळवून नंबर लागतो, आणि दोन्ही वेळा गेट वेगळी लावलेली. आधी कोर्सवर एकदाही प्रॅक्टिस करता येत नाही, फक्त कडेकडेनं हळू घसरत जाऊन कुठलं गेट कुठं आहे ते डोक्यात बसवायचं आणि मग ताशी ७०-८० किलोमीटरनं खाली यायचं. एक गेट चुकलं की संपलं. त्यात रँकिंग कमी असलेल्यांचा नंबर शेवटी लागतो, तोवर पुढच्यांच्या स्कीनं बर्फात खोल चर पडलेले असतात, म्हणजे ज्याला मदत सगळ्यात कमी त्यालाच रस्ता सगळ्यात खराब. १३ फेब्रुवारी २०२२ ला बीजिंगजवळच्या यांचिंगला, जिथं ही रेस होती, वरून बर्फ पडत होता, पुढचं धड दिसत नव्हतं, दुसरा रन उशिरा सुरू झाला. उतरलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे लोक शेवटपर्यंत पोचलेच नाहीत, त्यात आल्प्समधल्या देशांचे पण होते. आरिफ दोन्ही वेळा खाली पोचला, १ मिनिट २२.३५ सेकंद आणि १ मिनिट २४.८९ सेकंद. गोल्ड जिंकलेल्या स्वित्झर्लंडच्या मार्को ओडरमाटपेक्षा तो जवळजवळ ३८ सेकंद मागे होता, हे मी लपवत नाही, ते अंतर खरंच मोठं आहे. पण ते लोक लहानपणापासून डोंगरावर नेणारी लिफ्ट, कोच, तयार कोर्स ह्यात वाढलेले असतात हे पण त्याच वाक्यात लिहायला पाहिजे. तीन दिवसांनी स्लालममध्ये त्याचं गेट चुकलं आणि तो पहिल्याच रनमध्ये बाहेर गेला, म्हणजे हा खेळ किती निर्दय आहे बघा.

आणि सरकारच्या पैशांचं म्हणाल तर ऑलिंपिकच्या तोंडावर ट्रेनिंगसाठी मंजूर झाले १७.४६ लाख. त्याआधीची बरीच वर्षं घरच्यांनी आणि त्यानं स्वतः ओढलीत.

मी हे एवढं मनाला लावून घेतो कारण दांडिया बाजारात जुम्मादादा व्यायाम मंदिरात मी मल्लखांब शिकलो आणि नंतर बरीच वर्षं पोरांना शिकवलं. पोरगं छान तयार होत असतं, हात सुटायला लागलेला असतो, आणि नववीत गेलं की आई येऊन सांगते, सर आता ट्यूशन आहे, ह्यातून पुढं काय मिळणार. त्या आईला मी कधी दोष दिला नाही, घराची काळजी तिलाच असते. पण पेपरात पण तोच प्रश्न आला की त्रास होतो, कारण मग एखाद्या खेळात आयुष्य घालणारा माणूस पोरांना दिसणार कुठं? १९८८ ला कॅलगरीला शैलजा कुमार स्लालममध्ये २८वी आली होती, विंटर ऑलिंपिकला गेलेली भारताची पहिली बाई, तिचं नाव आमच्या इथल्या एका तरी मुलीला माहीत आहे का?

तुम्हाला एकच विनंती. २०२० पासून गुलमर्गला खेलो इंडिया विंटर गेम्स होतायत, त्यांचे रिझल्ट निदान छापत जा, नाव, गाव आणि टाइम एवढं दिलंत तरी चालेल. क्रिकेटच्या सराव सामन्याला अर्धं पान निघतं तिथं ह्या पोरापोरींसाठी चार ओळी नक्की निघतील.

आपला,
एक जुना वाचक, बडोदा