तुझ्या मसुद्यातल्या सातव्या कलमाबद्दल

प्रिय मेधा,

मसुदा वाचला. 'कर्मचाऱ्यांसाठी समाजमाध्यम आचारसंहिता' हे नाव भारदस्त आहे. बाकीची पानं कुठल्याही कंपनीत सापडतील तशीच आहेत, पण सगळा जीव सातव्या कलमात आहे: 'कंपनीच्या परदेशी ग्राहकांच्या भावना दुखावतील असे कोणतेही राजकीय मत कर्मचाऱ्याने जाहीरपणे मांडू नये, याबाबत कंपनीचा निर्णय अंतिम राहील.' खाली तुझी टीप: 'यात एवढं काय गं? कंपनी धंदा करायला बसलीय, चळवळ करायला नाही.' फोनवर मी नुसतं हूं हूं केलं, कारण दोन वाक्यांत आटपण्यातली ही गोष्ट नव्हती. आंतरराष्ट्रीय बातम्यांच्या डेस्कवर आयुष्य गेलं माझं. तुझं हे सातवं कलम मला जुन्या ओळखीचं आहे, म्हणून सविस्तर लिहितेय.

ब्लिझार्ड नावाची अमेरिकन गेम कंपनी आहे, तुझ्या लेकाला विचार. ऑक्टोबर २०१९ मध्ये त्यांच्या 'हार्थस्टोन' या खेळाच्या स्पर्धेत हाँगकाँगचा एक खेळाडू जिंकला. ब्लिट्झचंग हे त्याचं खेळातलं नाव. सामन्यानंतरच्या मुलाखतीला तो गॅस मास्क लावून आला आणि तेव्हा चीनच्या वाढत्या पकडीविरुद्ध हाँगकाँगच्या रस्त्यांवर घुमत असलेली मुक्तीची घोषणा त्याने दिली. मुलाखत घेणाऱ्या दोघा निवेदकांनी टेबलाखाली डोकी घातली. कंपनीने खेळाडूला वर्षभर बंदी घातली, बक्षिसाची रक्कम काढून घेतली आणि त्या दोघा निवेदकांनाही घरी बसवलं. आधार कुठल्या नियमाचा होता, ऐक. लोकांपैकी एखाद्या गटाच्या भावना दुखावणारं किंवा कंपनीच्या प्रतिमेला धक्का लावणारं कोणतंही कृत्य, आणि ते तसं आहे की नाही हे ठरवणार फक्त कंपनी. तुझ्या कलमाशेजारी ठेवून बघ. तुझ्या वकिलांनी तिथूनच उचललंय असं म्हणत नाही, पण अशी वाक्यं वकिलांच्या एकाच गोदामातून येत असावीत.

पुढची गंमत तर तुझ्या खात्याचीच. त्यांच्या कॅलिफोर्नियातल्या मुख्यालयात एक मोठा पुतळा आहे आणि त्याच्याभोवती कंपनीची मूल्यं कोरलेली आहेत. 'प्रत्येक आवाज मोलाचा' ही त्यातलीच एक. कर्मचाऱ्यांनी त्या अक्षरांवर कागद चिकटवून ती झाकली. चहूबाजूंनी टीका झाल्यावर बंदी वर्षाची सहा महिन्यांवर आली, निवेदकांचीही तेवढीच झाली, बक्षीस परत मिळालं. चीनमधल्या आमच्या संबंधांचा या निर्णयाशी काही संबंध नव्हता, असं अध्यक्षांनी निवेदनात आवर्जून सांगितलं. कुणी विचारायच्या आधीच असा खुलासा आला की आमच्या डेस्कवर लोक एकमेकांकडे बघायचे.

त्याच आठवड्यात बास्केटबॉलचं प्रकरण झालं. एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधल्या ह्यूस्टन रॉकेट्स संघाचे महाव्यवस्थापक डॅरिल मोरी यांनी हाँगकाँगच्या आंदोलकांच्या बाजूने एक ट्वीट केलं. रॉकेट्स म्हणजे चिनी खेळाडू याओ मिंगचा जुना संघ, चीनमध्ये अतोनात लाडका. चिनी सरकारी वाहिनीने एनबीएचं प्रक्षेपण थांबवलं, प्रायोजक पळाले. लीगने आधी खेद व्यक्त केला. तो अंगावर आल्यावर आयुक्त ॲडम सिल्व्हर यांनी मोरींच्या बोलण्याच्या हक्काची बाजू घेतली. पुढे नुकसानीचा अंदाजही त्यांनीच सांगितला, ४० कोटी डॉलरच्या आतबाहेर. एवढा फटका बसूनही मोरींची नोकरी गेली नाही.

आता याच्याशेजारी जानेवारी २०१८ मधली मॅरियट हॉटेलांची गोष्ट ठेव. त्यांनी चिनी ग्राहकांना पाठवलेल्या एका प्रश्नावलीत देशांच्या यादीत तिबेट, हाँगकाँग, मकाऊ आणि तैवान वेगवेगळे दाखवले होते. चीन हे सगळे आपलेच भाग मानतो. शांघायच्या अधिकाऱ्यांनी कंपनीची चिनी वेबसाइट आणि ॲप आठवडाभर बंद करायला लावलं. त्याच सुमारास तिबेटच्या बाजूच्या एका गटाने त्या यादीबद्दल मॅरियटचं कौतुक करणारं ट्वीट केलं आणि मॅरियटच्या खात्यावरून त्याला 'लाइक' गेलं. ते बटण दाबलं गेलं अमेरिकेत, नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा इथे, ताशी १४ डॉलरवर ग्राहकसेवेचं काम करणाऱ्या एका माणसाकडून. प्रश्नावली त्याने बनवली नव्हती, तिबेटच्या राजकारणाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. पण त्याची नोकरी गेली. कंपनीने माफीनामा काढला तो वेगळाच.

या कलमाला माझा पहिला आक्षेप इथेच आहे, मेधा. कागदावर ते सगळ्यांना सारखं दिसतं, पण वापरात ते वरच्यांना खुलासे करायला लावतं आणि खालच्यांना घरी पाठवतं. तुमचे एमडी उद्या एखाद्या परिषदेत काही बोलून गेले तर त्यांना सातवं कलम कोण दाखवणार आहे? तू?

दुसरं म्हणजे, 'भावना दुखावतील' हे मोजायचं कशाने? चीनच्या बाबतीत तर अवघड हेच होतं की लेखी हुकूम फार थोड्या वेळा आला. २०१८ साली त्यांच्या विमान वाहतूक खात्याने डझनावारी परदेशी विमान कंपन्यांना तैवानचा उल्लेख बदला म्हणून पत्रं धाडली, तेव्हा निदान काय हवंय ते कागदावर होतं. व्हाइट हाउसने त्याला '१९८४' कादंबरीवाल्या ऑर्वेलच्या जगातला मूर्खपणा म्हटलं, तरी एकेक करत कंपन्या वाकल्या. आपल्या एअर इंडियानेही तैवानऐवजी 'चायनीज तैपेई' लिहिलं. पण एरवी रेषा कुठे आहे हे कुणी सांगतच नाही. मग कंपनी ती अंदाजाने, अंगणाच्या बरीच आत आखून घेते, आणि दरवर्षी थोडी आणखी आत सरकवते. मर्सिडीजने दलाई लामांचं एक निरुपद्रवी वाक्य इन्स्टाग्रामवर टाकलं, तेही चीनमध्ये बंद असलेल्या इन्स्टाग्रामवर, आणि माफी मागून मोकळी झाली.

त्यातून झूमसारखं प्रकरण होतं. जून २०२० मध्ये त्यांनी अमेरिकेत राहणाऱ्या चिनी कार्यकर्त्यांचं खातं बंद केलं, कारण त्यांनी १९८९ च्या तिआनमेन हत्याकांडाच्या स्मृतीसाठी ऑनलाइन सभा घेतली होती. अमेरिकन कंपनी, अमेरिकेतलं खातं, आणि कायदा बीजिंगचा! बोंब झाल्यावर खातं परत सुरू केलं आणि चीनबाहेरच्या लोकांवर असं पुन्हा होणार नाही, अशी हमी दिली.

तू म्हणशील, चार शब्द गिळले आणि हजारो लोकांचे पगार वाचले तर काय बिघडलं? तर मग माध्यमसम्राट रुपर्ट मर्डॉक यांचा हिशोब बघू. १९९३ साली आशियाभर उपग्रहावरून दिसणारं स्टार टीव्ही घेतल्यावर ते लंडनच्या भाषणात म्हणून गेले की उपग्रह वाहिन्या हुकूमशाही राजवटींना धोका आहेत. महिन्याभरात चीनने खासगी डिश अँटेनांवर बंदी आणली. मग मनधरणी सुरू झाली. १९९४ मध्ये चीनवर पडणाऱ्या स्टारच्या प्रक्षेपणातून बीबीसी काढलं. १९९८ मध्ये त्यांच्या प्रकाशन संस्थेने हाँगकाँगचे शेवटचे गव्हर्नर ख्रिस पॅटन यांचं चीनवर टीका करणारं, ठरलेलं पुस्तक सोडून दिलं, आणि नंतर पॅटन यांची माफी मागायची वेळ त्या संस्थेवर आली. एवढं करून हाती काय लागलं? २०१० मध्ये त्यांनी तिथल्या वाहिन्यांवरचा ताबा एका चिनी कंपनीला विकला. आणि त्या ब्लिझार्डचा चिनी भागीदाराशी करार फिसकटला तेव्हा, जानेवारी २०२३ मध्ये, त्यांचे बहुतेक खेळ तिथे बंद पडले ते वर्षाहून अधिक काळ. आधी दाखवलेलं सौजन्य तिथे कुणाच्या उपयोगी पडलं नाही.

सगळंच काळंपांढरं आहे असंही मी म्हणत नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये रशियात मतदान सुरू झालं त्या दिवशी ॲपल आणि गूगलने विरोधी नेते नवाल्नी यांच्या समर्थकांचं मतदारांना मार्गदर्शन करणारं ॲप काढून टाकलं. मला संताप आला होता. पण त्या कंपन्यांच्या तिथल्या कर्मचाऱ्यांना खटल्याच्या धमक्या होत्या अशा बातम्या आल्या, तेव्हा तो बराचसा ओसरला. तुरुंगाच्या दारात उभ्या असलेल्या आपल्या माणसासाठी झुकणं आणि पुढच्या तिमाहीच्या विक्रीसाठी झुकणं यांत मी फरक करते. महिला टेनिस संघटनेचंही तसंच. चीनच्या माजी उपपंतप्रधानांवर लैंगिक अत्याचाराचा आरोप करून दिसेनाशी झालेली टेनिसपटू पेंग श्वाई, तिच्यासाठी त्यांनी डिसेंबर २०२१ मध्ये चीनमधल्या सगळ्या स्पर्धा थांबवल्या, कोट्यवधी डॉलरवर पाणी सोडायची तयारी दाखवली. मागितलेल्या चौकशीतलं काही पदरात न पडता २०२३ मध्ये ते परतले. लोक हसले त्यांना, मी नाही हसले. पैशाचं नाव न घेणाऱ्यांपेक्षा, ते मोजून काही काळ का होईना बाजूला ठेवणारे मला बरे वाटतात.

आता तुझ्या कामाचं. सातवं कलम सरळ काढता आलं तर उत्तमच. पण तू म्हणतेस तसे साहेब हट्टाला पेटलेले असतील तर निदान एवढं बदलून घे. कंपनीच्या नावाने किंवा कंपनीच्या खात्यावरून बोलणं वेगळं आणि माणसाने स्वतःच्या खात्यावर बोलणं वेगळं, हे स्पष्ट लिही. पहिल्यावर नियम लाव, दुसऱ्याला हात लावू नकोस. 'भावना' हा शब्द खोड. तक्रार आलीच तर ती कुणाची, कोणत्या वाक्याबद्दल, हे लेखी असल्याशिवाय आणि त्या माणसाचं ऐकून घेतल्याशिवाय कारवाई नको. आणि हे एमडींपासून शिपायापर्यंत सगळ्यांना लागू आहे, हे कलमातच यायला हवं. हे शेवटचं वाक्य बैठकीत मांडलंस की अर्धी चर्चा तिथेच थंड पडेल, बघ.

एक विचारायचं राहिलं. आजवर तुमच्या एका तरी परदेशी ग्राहकाने कुणा कर्मचाऱ्याच्या राजकीय मताबद्दल तक्रार केली आहे का? नसेल, तर हे कलम कुणाच्या सांगण्यावरून आलं ते मसुदा पुढे पाठवण्याआधी शोधून काढ, आणि मला कळव.

तुझी,
वसुधा