कोर्टाच्या दाराशी उभ्या असलेल्या काकांना

काका,

सप्रेम नमस्कार. तुमचं नाव मला माहीत आहे, पण तुम्हाला अडचण नको म्हणून लिहीत नाही. नाशिक जिल्ह्यातल्या आमच्या तालुका कोर्टात पुकारा करणारे म्हटलं की तिथे येणारे सगळे तुम्हाला ओळखतील.

माझ्या आईचा उन्हाळ कांदा एका व्यापाऱ्यानं खळ्यावरून उचलला आणि बासष्ट हजार रुपये बुडवले. ‘शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये’ असं सांगणारे गावात पुष्कळ निघाले. त्या व्यापाऱ्याच्या दारात आमच्यासोबत येणारा मात्र एकही निघाला नाही. मग वकील केला. फी घेतली, तारखा मात्र कधी नीट सांगितल्या नाहीत. शेवटी दावा गैरहजेरीत निकाली निघाला. गैरहजर कोण, तर माझी आई! सकाळी साडेनऊपासून ती व्हरांड्यात, दारापासून दहा पावलांवर बसून होती. तिला ऐकू येत नाही, काका. तिचं नाव पुकारलं गेलं, वकील आलेच नाहीत आणि ही पाच वाजेपर्यंत बाकावर बसून राहिली. त्या संध्याकाळी एसटीत ती मला म्हणाली, “माझ्या कानांनी घात केला गं.” अजून आठवलं की माझ्या घशात दाटून येतं.

पुढचं थोडक्यात. बाईमाणसाला कितीही उत्पन्न असलं तरी सरकारी खर्चानं वकील मिळतो, हे आम्हाला तालुका विधी सेवा समितीत गेल्यावर कळलं. तिथून मिळालेल्या वकील ताईंनी दावा पुन्हा उभा केला. त्यांचे आभार मी त्यांच्यासमोर मानले आहेत.

तुमचे मानायचे राहिले होते. दावा पुन्हा चालू झाल्यावर पहिल्याच तारखेला तुम्ही आईला विचारलंत, “मावशी, ऐकू कमी येतं का?” तेवढंच. त्यानंतर प्रत्येक तारखेला पुकारा करायच्या आधी तुम्ही बाहेर यायचात, तिच्यापुढे वाकायचात, मनगटाला हात लावायचात आणि ओठ दिसतील असे सावकाश म्हणायचात, “चला मावशी, तुमचा नंबर.” बहिऱ्या माणसाशी सगळे ओरडून बोलतात. घरात आम्हीही ओरडतो. तुमचं तर कामच मोठ्यानं पुकारायचं, पण तिच्यावर तुम्ही एकदाही आवाज चढवला नाहीत. आठ तारखा झाल्या, आठही वेळा तुम्ही आलात. आई तारखेच्या आदल्या रात्री झोपायला लागली ती त्यामुळे.

बोर्डावर साठ-सत्तर प्रकरणं असतात. कुणाचा बांधाचा वाद, कुणाची पोटगी, कुणी नुसताच साक्षीला आलेला. कोर्ट म्हणजे आत वर बसलेले साहेब, असंच मला वाटायचं. पण आमच्यासारख्यांना आधी भेटतो तो दाराशी उभा असलेला माणूस. तो खेकसला की आत जाताना पाय लटपटतात, आणि त्यानं नीट बोलावलं तर साहेबांपुढे तोंडातून शब्द फुटतो. आईनं तिथे आपली सगळी हकिगत स्वतः सांगितली.

लोकअदालतीत तडजोड झाली. रक्कम हप्त्यांनी, कोर्ट फी परत. निवाडा मराठीत लिहिलेला होता, तो आईनं स्वतः वाचला आणि मला विचारलं, “आता हे कुणी उलटवणार नाही ना?” यावर अपील नसतं, असं तुम्हीच तिला खुणेनं आणि ओठांनी समजावलंत. त्या दिवशी तिनं तुमच्यासाठी कांद्याची पिशवी आणली होती. तुम्ही हात जोडलेत, घेतली नाहीत. ती परत आणताना आई रुसली नाही, उलट वाटभर तुमचंच सांगत होती.

शेवटचा हप्ता दिवाळीच्या आधी मिळेल. त्यानंतर एक दिवस ती तुमच्याकडे येणार आहे, तारीख नसताना. दुपारच्या सुट्टीत येऊ, म्हणजे तुमच्या कामाचा खोळंबा होणार नाही. डब्यात थालीपीठ आणि लोणी असेल. तेवढं तरी घ्या.

तुमच्या ‘मावशी’ची मुलगी